गव्हाणीतला वरवंटा

आमची मुलगी सात डिसेंबरला सकाळी नऊ वाजून बेचाळीस मिनिटांनी चेन्नईत, अण्णा नगरमधल्या एका खाजगी रुग्णालयात जन्मली. अठ्ठावीस आठवडे आणि दोन दिवस भरले होते. वजन एक हजार चाळीस ग्रॅम. अकराव्या मिनिटाला तिच्या श्वासनलिकेत नळी घालून तिला व्हेंटिलेटरवर ठेवण्यात आले.

वीस डिसेंबरला दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी त्याच रुग्णालयाच्या तळमजल्यावर, नर्सेसनी नाताळसाठी मांडलेल्या ख्रिस्तजन्माच्या देखाव्यात, पांढऱ्या कापडात गुंडाळलेली एक जड वस्तू सुरक्षारक्षकाला दिसली. ती बाळाच्या रिकाम्या गव्हाणीत होती. माझ्या आईने ठेवली होती.

या दोन घटनांमध्ये तेरा दिवस गेले.

मी एका वृत्तसंस्थेत मजकूर तपासतो. बायको गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. चेन्नईत येऊन आम्हाला नऊ वर्षे झाली. घर तांबरमला, भाड्याचे. बाळंतपणासाठी तिने जानेवारीत कोल्हापूरला माहेरी जायचे ठरले होते आणि तिकिटे काढून झाली होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिचा रक्तदाब वाढला, औषधांनी उतरला नाही आणि डॉक्टरांनी थांबायला नकार दिला. तिच्या आईचे गुडघ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले होते, म्हणून साताऱ्याहून माझी आई आली. ती पहिल्यांदाच एकटी विमानात बसली. तमिळ तिला येत नाही. इंग्रजीही नाही.

अकरा तारखेला बायकोला घरी सोडले. मुलगी तिथेच राहिली. बायको दर तीन तासांनी दूध काढायची, डबीवर वेळ लिहायची आणि फ्रिजमध्ये ठेवायची. सकाळी त्या डब्या बर्फाच्या पिशव्यांमध्ये घालून रुग्णालयात न्यायचे काम आईने घेतले. तांबरमहून उपनगरी गाडीने एग्मोर, तिथून मेट्रोने अण्णा नगर. दोन दिवस मी बरोबर गेलो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तू झोप जरा. मी स्टेशनं मोजत जाते. उतरायला चुकले तर पुढच्याला उतरीन, समुद्रात तर जात नाही ना गाडी."

नवजात अतिदक्षता विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. आत फक्त आईवडिलांना सोडत, तेही दिवसातून एकदा दहा मिनिटे. आजीआजोबांसाठी दुपारी चार वाजता काचेमागचा पडदा पाच मिनिटे सरकवत. डॉक्टर रोज अकरा वाजता पालकांशी बोलत. मी अकराला डॉक्टरांना भेटून कामावर जात असे. आई सकाळी दूध देऊन चार वाजेपर्यंत तळमजल्यावर बसे.

बारा तारखेला तिथे देखावा उभा राहिला. ड्यूटी संपलेल्या नर्सेस येऊन तो मांडत होत्या. तमिळमध्ये त्याला कुडिल म्हणतात, म्हणजे झोपडी. तपकिरी कागद चुरगाळून केलेले डोंगर, खरे गवत, विजेच्या बारीक माळा. गुडघ्यावर बसलेली मरिया, काठी घेतलेला योसेफ, दोन मेंढपाळ, तीन राजे, एक गाय, एक गाढव, एक उंट. सगळे एकाच दिशेला पाहत होते. तिथे वीतभर लांबीची लाकडी गव्हाण होती. तिच्यात गवत होते, बाळ नव्हते.

आईने चौकशीच्या खिडकीवरच्या बाईंना विचारले. त्या तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. त्यांच्या किती पिढ्या इकडे झाल्या हे त्यांनाही नक्की सांगता येत नव्हते. त्यांचे मराठी जुन्या वळणाचे आणि तमिळ चालीवर. पहिल्याच दिवशी आम्ही बोलताना ऐकून त्यांनी आपणहून ओळख करून घेतली होती, आणि आईला त्या रुग्णालयात बोलायला तेवढे एकच माणूस होते.

"बाळ चोविसाव्या तारखेस रात्रीं ठेवतात," त्या म्हणाल्या. "तोंवर गव्हाण रिकामी असावी, अशी यांची चाल."

"बारा दिवस रिकामी?"

"होय."

"आणि हे सगळे नुसते बघत बसणार तिच्याकडं."

बाईंनी खिडकीतून देखाव्याकडे पाहिले. "तुम्हीं सांगितल्यावर मलाही तसें दिसूं लागलें," त्या म्हणाल्या.

देखाव्याशेजारच्या टेबलावर तमिळ आणि इंग्रजी पुस्तिका ठेवल्या होत्या. अकरा वाजायची वाट पाहताना मी इंग्रजी पुस्तिका वाचली. जन्माची ही गोष्ट मला शाळेपासून माहीत होती, म्हणजे भेटकार्डांवरून माहीत होती. मूळ मजकूर पहिल्यांदाच वाचत होतो, आणि सवयीने तपासत वाचला. हकीकत दोघांनी दिली आहे आणि दोघांचे तपशील वेगळे आहेत. मेंढपाळ एकाकडे आहेत, पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक दुसऱ्याकडे. ते किती जण होते हे लिहिलेले नाही. गाय, गाढव, उंट यांचा उल्लेख नाही. थंडी होती असे नाही. तारीख नाही. उतरायच्या ठिकाणी जागा नव्हती, बाळाला कापडात गुंडाळले आणि गव्हाणीत ठेवले, एवढे आहे. सुईण होती का, कळा किती वेळ चालल्या, दिवस पूर्ण भरले होते का, यातले काही नाही. बाळ रडले का, हेही नाही.

हा मजकूर माझ्याकडे आला असता तर मी प्रश्न लिहून परत पाठवला असता. शेवटचा प्रश्न मी सगळ्यात वर घेतला असता. श्वासनलिकेतली नळी स्वरतंतूंमधून जाते. नळी असलेले बाळ रडते तेव्हा तोंड उघडते, चेहरा लाल होतो, आवाज येत नाही. आमच्या मुलीचा आवाज तोपर्यंत आम्ही ऐकला नव्हता.

अठरा तारखेला डॉक्टरांनी नळी काढायचा पहिला प्रयत्न केला. व्हेंटिलेटरवर जितके दिवस जास्त, तितका फुप्फुसांना धोका जास्त, असे त्यांनी समजावले होते. नळी काढून नाकावाटे हवेचा दाब द्यायचा आणि श्वास तिचा तिला घेऊ द्यायचा. "या वयाची बाळं श्वास घ्यायला विसरतात," डॉक्टर म्हणाल्या. "आम्ही आठवण करून देतो. फार वेळा विसरली तर नळी परत घालावी लागते." अकरा वाजून वीस मिनिटांनी नळी काढली. ती चार वाजून पंचवीस मिनिटांनी परत घातली. पाच तास पाच मिनिटे. शेवटच्या तासात मुलगी नऊ वेळा श्वास घ्यायला विसरली होती. पुढचा प्रयत्न किमान पाच दिवसांनी करू, असे सांगण्यात आले. तोही फसला तर काय, असे मी विचारले. डॉक्टरांनी उत्तर दिले. ते लांब होते आणि त्यात दोनदा "काही बाळांच्या बाबतीत" असे शब्द आले.

अठरा डिसेंबर हा बारावा दिवस होता. आमच्याकडे बाराव्या दिवशी बारसे करतात. पाळण्यात बाळाला घालण्याआधी वरवंट्याला कुंची घालतात, पाळण्याच्या खालून-वरून बायका तो एकमेकींच्या हातात देतात आणि पाळण्यात निजवतात. मग बाळ. रिकामा पाळणा हलवायचा नाही, हे तर लहानपणापासून बजावलेले असते. त्या दिवशी घरी कोणी बारशाचे नाव काढले नाही. आईने रात्री आमटीत दोनदा मीठ घातले. आम्ही ती तशीच खाल्ली.

वीस तारखेला दुपारी दोन वाजून एकतीस मिनिटांनी मला कामावर फोन आला. पडद्यावर रुग्णालयाचा नंबर होता. त्या नंबरवरून फोन आला तर तो मुलीबद्दलच असणार, असे आम्ही दोघांनी धरून ठेवले होते. खिडकीवरच्या बाई बोलत होत्या. "बाळ ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आधीं तें ऐका. बाळ ठीक आहे. आतां तुमच्या आईंसाठीं या."

मी तीन वाजून आठ मिनिटांनी पोचलो.

सुरक्षारक्षकांच्या खोलीत चौघे होते. रक्षक पन्नाशीचा, सैन्यातून निवृत्त झालेला. अतिदक्षता विभागाच्या मुख्य सिस्टर, ज्यांनी इतर नर्सेसना घेऊन देखावा मांडला होता. खिडकीवरच्या बाई, दुभाषा म्हणून. आणि आई, खुर्चीच्या टोकावर, पिशवी मांडीवर धरून. टेबलावर सोडलेले पांढरे धोतर होते. त्यावर काळा दगडी वरवंटा, पिवळी कुंची घातलेला. कुंची आईने साताऱ्याहून शिवून आणली होती.

रक्षकाने इंग्रजी-तमिळमध्ये मला अहवाल दिला. "हात लावायच्या आधी मी सगळ्यांना मागं केलं, सार. बेवारस वस्तू दिसली की तो नियम आहे. मग जवळ गेलो. एवढ्या लांबीचं, पांढऱ्या कापडात. एका बाजूला पिवळी टोपी दिसत होती." तो थांबला. "हे रुग्णालय आहे, सार. मला वाटलं..."

त्याने वर फोन केला होता. सिस्टर तीन मजले जिन्याने धावत खाली आल्या होत्या आणि त्या येईपर्यंत वर त्यांच्या नर्सेस बाळे मोजत होत्या. अकरा असायला हवी होती. अकरा भरली.

"चार मिनिटं," सिस्टर मला म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "चार मिनिटं माझी माणसं मॉनिटर सोडून पाळणे मोजत होती. तुमची मुलगी त्या अकरांत आहे."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली नाही. ज्या हातांनी आमच्या मुलीच्या नळीतला कफ दर चार तासांनी काढला जात होता, ते हात त्यांनी छातीवर बांधून धरले होते.

रक्षकाच्या फोनमध्ये फोटो होता. नियमाप्रमाणे हलवण्याआधी काढलेला. त्याने तो मला दाखवला: मरिया, योसेफ, मेंढपाळ, राजे आणि मध्ये टोपी घातलेला काळा दगड. हा फोटो त्या इमारतीबाहेर गेला तर त्यावर धर्मावरून काय काय ओळी लिहिल्या जातील, हे मला माहीत होते. अशा ओळी मी कामावर रोज कापतो.

"काय म्हणतायत?" आईने विचारले.

बाईंनी सांगितले. सगळे सांगितले, बाळे मोजल्याचेही. आईने पिशवीचा बंद घट्ट धरला.

"माझ्या ध्यानात नाही आलं," ती म्हणाली. "सांगा त्यांना. चुकलं माझं. मला वाटलं, रिकामी दिसते ती जागा, भरावी. बाकी काही मनात नव्हतं."

सिस्टरनी विचारले की दगड का. बाईंनी आईला विचारण्याआधी स्वतःच दोन-तीन वाक्ये तमिळमध्ये सांगितली. त्यांच्या आजीकडून त्यांनी बारशातल्या वरवंट्याबद्दल ऐकले होते. सिस्टर ऐकत राहिल्या. मग आईकडे वळून हळू बोलल्या, जणू हळू बोलल्याने तमिळ कळणार होते.

"पाट्टी, रिकामी ठेवणं आमच्याकडे अशुभ नाही," बाईंनी सिस्टरचे बोलणे मराठीत सांगितले, आजीसाठीचा 'पाट्टी' हा त्यांचा शब्द तसाच ठेवून. "येणार आहे म्हणून जागा ठेवलेली असते, असें म्हणतात."

"त्यांना माहीत आहे येणार आहे ते," आई म्हणाली. "चोवीस तारीख ठरलेली आहे. मला कुठं कोणी तारीख दिलीय?"

बाईंनी हे भाषांतर करायला वेळ घेतला. सिस्टरनी ते ऐकले. खोलीत पंखा चालू होता. रक्षकाने वरवंटा उचलून पाहिला.

"दीड किलो तरी असेल," तो म्हणाला.

'किलो' हा शब्द आईला कळला. "एक किलो सातशे," ती म्हणाली. "तोलून घेतलाय."

तांबरमच्या बाजारात, दगडी पाटे आणि उखळे विकणाऱ्या बाईकडचे चार वरवंटे तिने भाजीवाल्याच्या काट्यावर तोलून पाहिले होते आणि त्यातला हा घेतला होता. एग्मोरला मेट्रोच्या तपासणीत तिची पिशवी उघडायला लावली होती. तिथल्या पोलीस मुलीने दगड पाहिला, दुधाच्या डब्या पाहिल्या, आईकडे पाहिले आणि जाऊ दिले. हे आईने नंतर सांगितले. खोलीत मी फक्त एवढेच विचारले, की सतराशे का.

"तू नाही का सांगितलंस? सतराशे झाली की घरी सोडतात म्हणून."

मी सांगितले होते. डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यात सांगितले होते आणि मी घरी जसेच्या तसे सांगितले होते. बाईंनी सिस्टरना सांगितले. सिस्टरनी हात सोडले.

"फोटो काढून टाका," त्या रक्षकाला म्हणाल्या.

"नोंद करावी लागेल, सिस्टर."

"नोंद करा. वस्तू काय, स्वयंपाकाचा दगड. कोणाची, रुग्णाच्या आजीची. परत केली. फोटोचं नोंदीत काय काम?"

रक्षकाने फोटो काढून टाकला आणि मला पडदा दाखवला. रजिस्टरमध्ये निवेदन लिहायचे माझ्याकडे आले. मी पाच ओळी लिहिल्या: कोणी, काय, कुठे, केव्हा, काय हेतूने. आईने खाली मराठीत सही केली. सिस्टरनी आईला दोन गोष्टी सांगितल्या. कुंची गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायची, कारण ती गवतावर ठेवली होती. आणि यापुढे काहीही ठेवायचे असेल तर आधी विचारायचे. मग त्या लिफ्टची वाट न पाहता जिन्याने वर गेल्या.

चार वाजता आई आणि मी तिसऱ्या मजल्यावर काचेसमोर उभे होतो. पडदा उघडला नाही. चार वाजून तीन मिनिटे झाली, पाच झाली. बाकीचे आजीआजोबा घड्याळे पाहू लागले. आई माझ्याकडे पाहत नव्हती. चार वाजून दहा मिनिटांनी पडदा उघडला. उशीर का झाला, हे मला अजून माहीत नाही. मी विचारले नाही.

संध्याकाळी घरी बायकोला सगळे सांगितले. ती पलंगावर, पोटावर उशी धरून बसली होती.

"आई, त्यांच्या हातात आहे ती," ती म्हणाली. "आपण तिथं श्वाससुद्धा विचारून घ्यायचा."

"घेतेय बाई. विचारूनच घेते आता."

आई डाळ निवडत होती. मग म्हणाली, "पण एक सांग मला. ती बाई तिथं गुडघ्यावर बसलीय. बाळ व्हायच्या आधीही गुडघ्यावर आणि झाल्यावरही गुडघ्यावर. बाळंतीण अशी बसती?"

"मी पण तेच बघत होते परवा तिथं आले तेव्हा," बायको म्हणाली. "मला कुशीवर वळायला दोन माणसं लागतात. आणि पाहुणे किती. बाळाला चार तास झाले नाहीत तर मेंढपाळ, राजे, उंट."

"शेक-शेगडी कोणी केली तिची? बरोबर एक बाईमाणूस नाही."

"सासू नव्हती हेच बरं झालं असेल."

आईने निवडलेली डाळ बाजूला केली. "सासू असती तर पहिला उंट बाहेर काढला असता," ती म्हणाली.

बायको हसली आणि लगेच टाक्यांवर हात दाबला. "हसवू नका हो, आई. दुखतं." मग ती रडली. दूध काढायची वेळ झाली होती. ती रडत असतानाच आईने डबी उकळून आणली.

त्या दिवसांत त्या जन्मकथेबद्दल मला जे वाटले ते एवढेच, आणि ते आईच्या तारखेबद्दलच्या प्रश्नातून आलेले आहे. देखावा निकाल कळल्यानंतर मांडलेला असतो. मांडणाऱ्याला पुढचे सगळे माहीत आहे, म्हणून त्याला गव्हाण रिकामी ठेवणे परवडते. आत उभ्या असलेल्या दोघांना ते माहीत नव्हते. स्वर्गदूतांनी सांगितले होते असे मजकुरात आहे; पण बाळ रात्र काढेल का, दूध उतरेल का, इथून कधी निघता येईल, याबद्दल स्वर्गदूत काही बोललेले नाहीत. परगाव, ओळखीचे कोणी नाही, दिवस आपण ठरवलेले नाहीत. श्रद्धा हा माझा विषय नाही. पण त्या दोघांना मी आधी भेटकार्डावर पाहत होतो. वीस तारखेनंतर तसे पाहता आले नाही.

बावीस तारखेला मुलीचे वजन एक हजार एकशे तीस ग्रॅम होते. तेवीसला सकाळी तिचा रंग उतरला आणि पोट फुगले. जंतुसंसर्गाची शंका आली. रक्त तपासणीला पाठवले, दूध बंद केले, दोन प्रतिजैविके सुरू केली. नळी काढायचा बेत पुढे ढकलला. रक्तातले जंतू वाढतात की नाही हे कळायला अठ्ठेचाळीस तास लागतील, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या दिवशी आई दुधाच्या डब्या घेऊन गेली आणि तशाच परत घेऊन आली. बायकोने दूध काढायचे थांबवले नाही. फ्रिजमध्ये जागा उरली नाही तेव्हा आम्ही भाज्या बाहेर काढल्या.

चोवीसला अकरा वाजता मी डॉक्टरांना विचारले की उद्या सुटी आहे, तर निर्णय कोण घेणार.

"उद्या मी आहे," त्या म्हणाल्या.

"आणि तपासणीचा निकाल?"

"प्रयोगशाळा चालू असते. नाताळात जंतू वाढायचे थांबत नाहीत."

तो विनोद होता हे मला जिना उतरताना कळले. खाली खिडकीवरच्या बाई म्हणाल्या की मुख्य सिस्टरांची पंचविसाची रजा होती, ती त्यांनी बदलून घेतली. वर्षातली ती एकच रजा त्या कधी सोडत नाहीत. कारण बाईंना माहीत नव्हते.

पंचवीस डिसेंबरला आम्ही तिघे टॅक्सीने गेलो. रस्ते मोकळे होते. घरांच्या दारांवर कागदी तारे लटकत होते, काहींच्या आत दिवसाही दिवे चालू होते. तळमजल्यावर गव्हाणीत बाळ ठेवलेले होते. चिनीमातीचे, हात पसरलेले, बोटाएवढे. आईने एकदा पाहिले आणि लिफ्टचे बटण दाबले.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी निकाल आला. अठ्ठेचाळीस तासांत जंतू वाढलेले नव्हते. पोट उतरले होते. वजन एक हजार एकशे दहा. दोन दिवस दूध नसल्याने वीस ग्रॅम कमी. डॉक्टर म्हणाल्या की आज प्रयत्न करायला हरकत नाही. थांबण्याचाही धोका आहे आणि करण्याचाही. सही दोघांची लागेल. बायकोने आधी केली.

अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी नळी काढली.

बारा वाजता ऑक्सिजन त्र्याण्णव. साडेबाराला एकदा श्वास विसरली. तळपायाला टिचकी मारल्यावर घेतला. एक वाजता डॉक्टर जेवायला गेल्या नाहीत. दोन वाजता पुन्हा दोनदा विसरली. बायको बाकावर सरळ बसून होती. तिला घरी जाऊन आडवे व्हायला सांगितले, तिने ऐकले नाही. तीनला ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशीपर्यंत उतरला, चार मिनिटांनी वर आला. आम्हाला हे सगळे मुख्य सिस्टर दाराशी येऊन सांगत होत्या. फक्त आकडे सांगायच्या आणि आत जायच्या.

चार वाजता पडदा उघडला. आई काचेला नाक लावून उभी राहिली. मुलीच्या तोंडावरची चिकटपट्टी निघालेली होती. नाकावर नळ्या होत्या, पण ओठ पहिल्यांदाच उघडे दिसत होते. पाच मिनिटांनी पडदा बंद झाला. चार वाजून चाळीस मिनिटांनी मागच्या वेळची पाच तास पाच मिनिटे पूर्ण झाली. बायको घड्याळाकडे पाहत होती आणि मी तिच्याकडे.

साडेपाचला रक्तातल्या वायूंची तपासणी झाली. सहाला तिचा निकाल डॉक्टरांनी पाहिला आणि यंत्राचा दाब एका अंकाने कमी केला.

सहा वाजून दहा मिनिटांनी सिस्टर दाराशी आल्या. ऑक्सिजन ब्याण्णव, ठोके एकशे पन्नास, मागच्या तासात एकदाही श्वास विसरलेला नाही. सहा तास पस्तीस मिनिटे झाली होती आणि मुलगी नळीशिवाय श्वास घेत होती.